जुन्या यंत्राची जपणूक

म्हैसूर येथे तयार झालेल्या जावा मोटारसायकली आजही रस्त्यावर दिसतात. परंतु त्यांचा कारखाना १९९६ साली बंद पडला. या गाडीत गिअर बदलण्याची व किक मारण्याची दांडी एकच असते. दांडीच्या आसाजवळचे सील झिजले, की गिअरबॉक्समधील तेल पाझरते. तेल उणे झाले, की दंतचक्रे घासून निकामी होतात, आणि नवी सहजासहजी मिळत नाहीत.

म्हणून कुशल कारागीर घाई करीत नाही. तो सारा भाग रॉकेलने धुऊन कोरडा करतो आणि तेलाचा पहिला थेंब कोठे उमटतो, ते पाहतो. झाकण तो पेचकसाने उचकटीत नाही. कारण ओरखडलेल्या कडेतून तेल पुन्हा वाट काढते. जुन्या बाजारात सुटा भाग घेताना मूळ भागाशी माप ताडून पाहतो. मग नवे सील व कागदी गॅस्केट बसवितो. लहानशा सीलची वेळीच काळजी घेतली, म्हणजे दुर्मिळ दंतचक्रे वाचतात.