पंगत आधी, केबिन नंतर

क्रूझचं बुकिंग करताना आपल्याकडे बहुतेक जण तीन गोष्टी विचारतात: भाडं किती, केबिनला बाल्कनी आहे का, आणि जेवण भाड्यात आलं का. तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ असं उत्तर मिळालं की जेवणाचा विषय मिटतो. माझ्या मते तो तिथे सुरू व्हायला हवा. भाड्यात अन्न धरलेलं असतं, एवढंच. ते किती वाजता मिळणार, कोणत्या दालनात, कोणाच्या शेजारी बसून, आपल्या पथ्याचं काय होणार आणि वर किती पैसे पडणार, हे सगळं स्वतंत्रपणे ठरतं. बुकिंगच्या वेळी आपण ते ठरवलं नाही, तर जी जागा उरली असेल ती आपल्या नावावर लागते. सात रात्रींच्या सफरीत केबिनमध्ये आपण मुख्यतः झोपतो. जागेपणीचा दिवस मात्र जेवणाच्या वेळांभोवती फिरतो. किनाऱ्यावर कुठवर थांबता येईल, संध्याकाळचा कोणता कार्यक्रम बघता येईल, आजीची गोळी किती वाजता, नातवाची झोप किती वाजता, सगळं त्याच खुंटीला टांगलेलं असतं. म्हणून आधी पंगत ठरवावी आणि मग केबिन बघावी, असं मी आग्रहाने सांगेन.

पंगत हा आपला शब्द जहाजावर चपखल बसतो. मोठ्या जहाजाच्या मुख्य भोजनगृहात सगळे प्रवासी एका वेळी मावत नाहीत. ते तेवढं बांधलेलंच नसतं. जानेवारी 2024 मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर केबिनमागे दोन माणसं धरली तर 5,610 प्रवासी होतात आणि सगळ्या खाटा भरल्या तर साधारण 7,600. एवढ्यांना एकदम बसवणं शक्य नाही. त्यामुळे लग्नघरात करतात तेच जहाजावर करतात. पहिली पंगत संध्याकाळी साडेपाच-सहाला, दुसरी आठ-साडेआठला. पहिली जेवत असते तेव्हा दुसरीतले लोक नाट्यगृहात असतात, आणि नंतर अदलाबदल होते. यात वाढणाऱ्यांच्या कामाच्या तासांचाही हिशेब आहे. सागरी कामगारांबाबतचा 2006 चा आंतरराष्ट्रीय करार 2013 पासून लागू आहे, आणि त्यानुसार कर्मचाऱ्याला चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळायला हवी. नाश्त्यापासून रात्रीपर्यंत तीच माणसं वाढत असतात. तेव्हा भोजनगृहाचं दार ठरल्या वेळी बंद झालं तर तो उद्धटपणा समजू नये. अर्ध्या तासाने उशिरा आलेल्याला आत घेणं वाढणाऱ्याच्या हातात नसतं.

कोणती पंगत आपली, हे सफरीच्या मार्गावरून ठरतं. भूमध्य समुद्रातल्या सफरीत जवळजवळ रोज एक बंदर असतं. जहाज संध्याकाळी सहा-सातला सुटतं आणि प्रवाशांनी त्याच्या अर्धा ते एक तास आधी परत यायचं असतं. रोम बघायचं म्हटलं तर जहाज लागतं सिविताव्हेकियाला, आणि तिथून रोम सुमारे 80 किलोमीटर आहे. दिवसभर चालून, पाच-साडेपाचला जहाजावर चढून, सहाला आंघोळ करून टेबलाशी बसणं तरुणांनाही जड जातं. सत्तरीच्या माणसाला तर नकोच. अशा मार्गावर दुसरी पंगत घ्यावी. उलट, दोन-तीन दिवस भर समुद्रातच जाणार असतील, किंवा बरोबर लहान मुलं असतील, तर पहिली बरी. मधुमेहींनी इथे विशेष लक्ष द्यावं. साडेआठच्या पंगतीत आधी सूप, मग मुख्य पदार्थ, असं करत पोटभर अन्न पुढ्यात यायला सव्वानऊ वाजू शकतात. इन्सुलिन घेणाऱ्याने ‘आपण घरीही साडेआठलाच जेवतो’ असा हिशेब केला तर तो चुकतो, कारण घरी साडेआठला ताट वाढलेलं असतं आणि जहाजावर साडेआठला मेनूकार्ड हातात येतं. या मधल्या वेळेचं काय करायचं ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं. युरोपातल्या प्रवाशांसाठी चालणाऱ्या जहाजांवर दोन्ही पंगती याहून उशिरा असतात, हेही विचारून घ्यावं.

यावर एक सरळ आक्षेप येतो: पंगतीची कटकट हवीच कशाला, वाटेल तेव्हा जेवता येईल असं जहाज घ्यावं. तशी सोय आहे. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 2000 साली ‘फ्रीस्टाइल’ या नावाने ठरावीक वेळ आणि ठरावीक टेबल काढून टाकलं, आणि नंतर इतर मोठ्या कंपन्यांनीही जुन्या पद्धतीच्या जोडीला असा पर्याय ठेवला. मित्रमंडळींनी, नवविवाहितांनी, ज्यांना काहीही चालतं अशांनी तो खुशाल घ्यावा. पण मोकळ्या वेळेचा अर्थ रिकामी खुर्ची असा होत नाही. साडेसातला सगळ्यांनाच भूक लागते. तेव्हा रांग लागते किंवा ॲपवर आधी वेळ राखून ठेवावी लागते, म्हणजे पंगत मागच्या दाराने परत येतेच. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ठरलेल्या टेबलावर रोज तोच वाढणारा असतो. तुम्ही अंडं खात नाही, तुमच्या वडिलांना मीठ कमी लागतं, तुमच्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, हे त्याला दुसऱ्या दिवसापासून पाठ असतं, आणि उद्याचा मेनू तो आदल्या रात्रीच दाखवून ठेवतो. मोकळ्या पद्धतीत हीच गोष्ट रोज नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावी लागते. ज्यांच्या खाण्याला काही बंधन आहे, त्यांनी ठरलेली पंगतच घ्यावी.

बुफे आहेच की, असंही म्हटलं जातं. दुपारच्या जेवणाला तो उत्तमच. पण सातही रात्री त्याच्यावर विसंबू नये. रात्री तिथले पदार्थ बऱ्याचदा कमी असतात. शिवाय पळी-चमचे शेकडो हातांतून फिरतात, आणि जहाजावर नोरोव्हायरस शिरला तर तो अशाच वाटांनी पसरतो. याची अवाजवी भीती बाळगायचं कारण नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या म्हणण्यानुसार, तिथे नोंद होणाऱ्या नोरोव्हायरसच्या एकूण उद्रेकांपैकी जेमतेम एक टक्का जहाजांवरचे असतात. उलट जहाजांवर देखरेख कडक असते. अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या परदेशी फेऱ्यांच्या प्रवासी जहाजांची हे केंद्र 1970 च्या दशकापासून तपासणी करत आलं आहे. शंभरपैकी 85 किंवा त्याहून कमी गुण म्हणजे नापास, आणि हे गुण कुणालाही बघता येतात. आपण जाणार ते जहाज त्या यादीत असेल तर जरूर बघावं. दाराशी ठेवलेल्या सॅनिटायझरवर मात्र भरवसा टाकू नये, कारण नोरोव्हायरसवर तो नीट चालत नाही. साबण आणि पाणीच हवं. जेवायला बसण्यापूर्वी हात धुण्याची आपली घरची सवय इथे फार कामाची आहे.

आता शाकाहाराबद्दल, कारण आपल्या वाचकांची खरी पंचाईत तिथे होते. ‘शाकाहारी मिळतं का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. पाश्चात्त्य जहाजावर शाकाहारीत अंडं येतं, प्राण्यांपासून काढलेल्या रेनेटने विरजलेलं चीज येतं, आणि पूर्वेकडच्या पदार्थांत माशाचा सॉस नकळत पडलेला असू शकतो. म्हणून काय चालत नाही ते एकेक नाव घेऊन, लेखी कळवावं: मांस, मासे, अंडं, जिलेटिन, त्यांचा रस्सा, लागू असेल तर कांदा, लसूण, बटाटा आणि इतर कंदमुळं. तेही निघण्याच्या आदल्या आठवड्यात कळवून भागत नाही. भर समुद्रात मंडई नसते. सफरीचा शिधा बहुतेक सगळा सुरुवातीच्या बंदरावर भरलेला असतो. कंपनीने विशेष आहारासाठी जी मुदत दिली असेल ती बुकिंगच्या दिवशीच विचारावी. भारतीय प्रवासी जास्त असलेल्या मार्गांवर हे सोपं झालं आहे. मुंबईहून 2021 पासून सुटणारी कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ आणि सिंगापूरहून जाणारी ‘जेंटिंग ड्रीम’ या दोन्ही जहाजांवर भारतीय शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं. इतर मोठ्या जहाजांवरही भारतीय पद्धतीचं शाकाहारी जेवण पुष्कळदा मिळतं, पण ते मागावं लागतं, आणि आदल्या रात्री सांगावं लागतं.

चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा नियम, पाळणाऱ्या जैन कुटुंबांसाठी तर पंगतीची वेळ हा धर्माचाच प्रश्न आहे, आणि जैन जेवण मिळणार एवढ्यावर बुकिंग केलं तर तो सुटत नाही. सिंगापूरला सूर्य वर्षभर सातच्या आसपास मावळतो, तेव्हा सहाची पहिली पंगत जेमतेम साधते, तीही वाढणाऱ्याला घाई सांगितली तर. अलास्काच्या सफरीत जूनमध्ये जूनोला सूर्यास्त व्हायला रात्रीचे दहा वाजतात. तिथे दुसरी पंगतही चालून जाईल. बार्सिलोनाहून निघालात आणि महिना जून असेल तर सूर्यास्त साडेनऊच्या सुमारास, पण डिसेंबर असेल तर साडेपाचच्याही आत, म्हणजे पहिली पंगत बसण्यापूर्वीच. अशा वेळी दुपारचं जेवण मोठं ठेवून संध्याकाळी चारच्या सुमारास बुफेवर काय मिळेल, हे आधी विचारावं लागतं. तेच जहाज, तीच केबिन, तोच स्वयंपाक असला तरी महिना बदलला की सोयीची गैरसोय होते.

घरून नेऊ की, असा आपला नेहमीचा उपाय असतो. बंद पाकिटातला चिवडा, लाडू, खाकरे याला बहुतेक कंपन्यांची हरकत नसते; घरी शिजवलेलं अन्न मात्र बहुधा नेऊ देत नाहीत. विजेची किटली, छोटी शेगडी, भात शिजवायचं भांडं हे आगीच्या भीतीने जवळपास सगळीकडे वर्ज्य आहे. तपासणीत सापडलं तर काढून घेतात आणि सफर संपल्यावर परत देतात. शिवाय उरलेला खाऊ खिशात घालून किनाऱ्यावर उतरणं काही देशांत गुन्हा ठरतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड याबाबत अतिशय कडक आहेत.

पैशांचं बोलायचं तर, ‘सगळं भाड्यात म्हणाले आणि आता हॉटेलासारखं बिल लावतात’ ही तक्रार समजण्यासारखी आहे, पण जहाजावर वेगळे पैसे देऊन जेवायचं उपाहारगृह ही आजची युक्ती नाही. 1905 साली ‘अमेरिका’ या जर्मन जहाजावर रिट्झ-कार्लटनचं असं उपाहारगृह होतं, आणि 1912 मध्ये ‘टायटॅनिक’वरही पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी वेगळ्या बिलाचं रेस्तराँ होतं. तेव्हा ही प्रथा गृहीत धरून, आपल्या भाड्यात नेमकी कोणती दालनं येतात त्यांची नावं लिहून मागावीत. पाणी, साधा चहा, कॉफी बुफेवर बहुधा फुकट असते. डब्यातलं शीतपेय आणि दारू नसते. पेयांचं पॅकेज घ्यायचं तर अनेक कंपन्यांत केबिनमधल्या एका प्रौढाने घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं; नवरा पिणारा आणि बायको न पिणारी असेल तर हा भुर्दंड मोठा होतो.

टिपेबद्दल माझं मत बहुतेकांना आवडणार नाही. अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर माणशी रोज साधारण 16 ते 20 डॉलर सेवाशुल्क आपोआप खात्यावर पडतं. चौघांच्या कुटुंबाला सात रात्रींत ते साडेचारशे ते साडेपाचशे डॉलर होतात. काउंटरवर जाऊन ते कमी करून घेता येतं, असा सल्ला प्रवासाच्या गप्पांत सर्रास दिला जातो. ‘सेवेचे पैसे कंपनीने पगारात द्यावेत’ हा त्यामागचा युक्तिवाद तत्त्व म्हणून मला पटतो. पण ते शुल्क काढून घेतल्याने कंपनीचं धोरण बदलत नाही. तुमचं ताट उचलणाऱ्याच्या मिळकतीत तेवढी घट होते. त्या वाढणाऱ्यांत आणि आचाऱ्यांत गोव्याचे आणि मुंबईचे कितीतरी लोक असतात. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात, आणि पिढ्यान्पिढ्या तिथली अनेक घरं त्यांच्या कमाईवर उभी राहिली आहेत. हा खर्च सेवेनंतर वाचवण्याचा नाही, बुकिंगच्या दिवशी भाड्यात मिळवून बघण्याचा आहे. मग जहाज परवडत नसेल तर दुसरं घ्यावं.

हे सगळं टूर कंपनी बघेल, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारेन: गटाला कोणती पंगत मिळाली आहे ते कंपनीने लेखी दिलं आहे का? मोठ्या गटाला पुष्कळदा सरसकट एकच वेळ मिळते, आणि ती कंपनीच्या सोयीची असते. बुकिंगच्या पत्रावर पंगतीची वेळ, टेबल किती जणांचं, आणि विशेष आहाराची नोंद या तीन ओळी असल्याच पाहिजेत. ‘प्रतीक्षायादी’ असं लिहिलेलं असेल तर जहाजावर चढलेल्या दिवशी सामान केबिनमध्ये यायची वाट बघत बसू नये. टेबलांची अदलाबदल त्या पहिल्या दुपारीच होते. भोजनगृहाच्या मुख्य व्यवस्थापकाला गाठायचं, पत्र दाखवायचं, आपली अडचण एका वाक्यात सांगायची, आणि रात्री जेवायला येण्याआधी टेबल एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यायचं: दारापासून किती लांब आहे, व्हीलचेअर जाईल का, आणि शेजारी किती खुर्च्या आहेत.