वानरांपुढे हात आखडताच बरा

रोहिलागडाचा चढ असो, अंबडच्या मत्स्योदरी देवीची टेकडी असो की भोकरदन तालुक्यातला जाळीचा देव, जालना जिल्ह्यात भटकताना वानरांची टोळी कुठेही आडवी येऊ शकते. मग कुणी बिस्किटाचा पुडा फोडतो, तर कुणी ‘माकडताप होईल’ म्हणून मुलांना मागे ओढतो. यातला पुडा फोडणारा जास्त धोका पत्करतो. या भागात वानराकडून माणसाला आणि माणसाकडून वानराला रोग जायचा असेल, तर त्याची सर्वांत सोपी वाट म्हणजे खाऊ धरलेला हात.

माकडतापाची भीती निराधार नाही, पण तिची जागा वेगळी आहे. 1957 मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली, माणसे तापाने फणफणली आणि हा विषाणू सापडला. आपल्याकडे 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. शेजारच्या गोव्यातल्या सत्तरीलाही तो ठाऊक आहे. मात्र तो पसरवते गोचीड. माकड स्वतःच त्याला बळी पडते आणि मेलेल्या माकडाच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. जालन्याचे कोरडे, उघडे डोंगर या साथीच्या पट्ट्यात येत नाहीत. हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात दोडामार्गातल्या तिलारीच्या बाजूला जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पायजमा मोज्यांत खोचा, पाचोळ्यावर बसू नका आणि परतल्यावर अंग नीट तपासा. आठवड्याभरात थंडी वाजून ताप आला, तर डॉक्टरांना कुठे गेला होतात ते आवर्जून सांगा.

जालन्याची गोष्ट निराळी. जिल्ह्यात वनाच्छादन जेमतेम एक टक्का. त्यामुळे इथले वानर जंगलात राहते आणि माणूस गावात, ही विभागणीच खरी नाही. ते मोसंबीच्या बागेत, देवळाच्या शिखरावर, घरांच्या छपरांवर असते. म्हणजेच गावच्या कुत्र्यांच्याही शेजारात. गोदावरीपलीकडे, बीडच्या माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावात डिसेंबर 2021 मध्ये वानरांनी कुत्र्यांची पिल्ले उचलून नेल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. शेवटी वनविभागाला दोन वानरे पकडावी लागली. मेलेल्या पिल्लांचे आकडे ऐकीव होते, ते सोडून देऊ. पण कुत्री आणि वानरे एकमेकांच्या किती जवळ वावरतात, एवढे त्यातून दिसले. म्हणून इथे काळजी रेबीजची: त्याचा विषाणू लाळेतून जातो आणि हा रोग कोणत्याही सस्तन प्राण्याला होऊ शकतो.

यावर कुणी म्हणेल, भारतात रेबीजने मरणारी बहुतेक माणसे कुत्र्याच्या चाव्याने मरतात, वानराच्या नव्हे. बरोबर आहे. पण कुत्रे चावले तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवता येते, वानराच्या बाबतीत हा नियम लागूच होत नाही. ते टोळीबरोबर निघून जाते आणि रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून उपचारांच्या नियमांत वन्य प्राण्याचा चावा सर्वांत गंभीर, म्हणजे तिसऱ्या गटात धरतात. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. भटकंतीच्या पिशवीत साबणाची वडी हवीच, ती यासाठी. हळद, चुना, तिखट काहीही भरू नका, टाके घालण्याची घाई करू नका आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळेलच असे नाही, तेव्हा आधी फोन करून विचारलेले बरे. पहिला डोस घेतल्यावर बरे वाटते म्हणून पुढचे डोस चुकवू नका. पूर्वी लशीचा पूर्ण कोर्स झालेल्यांनाही नव्या चाव्यानंतर दोन डोस घ्यावेच लागतात.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा: मारुतीच्या रूपाला दोन घास घालण्यात कसला दोष? श्रद्धेशी वाद नाही, पण घास वानराला सोसतो का, हे पाहायला हवे. काळतोंड्या वानराचे पोट पाने आंबवून पचवण्यासाठी घडलेले आहे. बिस्किटे, पेढे, साखरफुटाणे त्या पोटात भलतेच आंबतात. शिवाय आपला खोकला, क्षय, गोवर त्याच्यापर्यंत पोचू शकतो. टांझानियातल्या गोंबे जंगलात 1966 मध्ये चिंपांझींना पोलिओ झाला, तेव्हा तिथे त्यांना केळी खाऊ घालण्याची पद्धत होती. रवांडा आणि युगांडात आज गोरिला पाहायला जाणाऱ्यांना ठरावीक अंतर राखावे लागते, सर्दी असेल तर जाऊ देत नाहीत. पर्यटनावर पैसा कमावणारे देश हे पाळतात. आपल्या रविवारच्या सहलीला ते जड जाऊ नये.

दुष्काळाचा मुद्दा याहून अवघड आहे. 2012-13 सारख्या वर्षी माणसालाच पाणी नव्हते, मग वानरांनी काय करावे? पण महिन्यातून एखाद्या रविवारी येणाऱ्याच्या पुड्याने दुष्काळ निभत नाही. वानरांना फक्त पिशवीवर झडप घालायची सवय लागते आणि तिचा त्रास सोमवारी शाळेला निघालेल्या गावातल्या पोरांना होतो. मदत करायचीच असेल, तर गावाच्या आणि वनविभागाच्या पाणवठ्यांना करा.

बाकी काळजी साधीच. खाणे बंद डब्यात, पिशवीच्या तळाशी; प्लास्टिकची पिशवी हातात लोंबती ठेवू नका. वानराने वस्तू हिसकावली तर ओढाताण न करता सोडून द्या, कारण ओरखडे तिथेच निघतात. डोळ्यांत डोळे घालून दात दाखवणे त्याला आव्हान वाटते, सेल्फीत नेमके तेच होते. गडावरच्या टाक्यातले पाणी माणूस, गुरे आणि वानरे सगळ्यांच्या विष्ठेने दूषित असू शकते. उकळल्याशिवाय पिऊ नका. आजारी किंवा मेलेले वानर दिसले तर हात न लावता, जागा नीट लक्षात ठेवून वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा.