चाकातील हवा

मुंबईत दादरच्या पूर्व भागातील एका मोठ्या चौकाला लोक आजही 'दादर टी. टी.' म्हणतात. ही दोन अक्षरे कशाची, असे विचारले तर पुष्कळांना सांगता येत नाही. 'ट्राम टर्मिनस', म्हणजे ट्रामगाडीचे शेवटचे स्थानक, या शब्दांची ती आद्याक्षरे होत. १८७४ साली मुंबईत घोड्यांनी ओढली जाणारी ट्राम सुरू झाली. १९०७ साली ती विजेवर चालू लागली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला आलेली ट्राम ही शहरातील अखेरची ट्राम ठरली. ट्राम गेली, चौकाचे नाव मात्र मागे राहिले.

ट्रामचे चाक लोखंडी आणि त्याखालील रूळही लोखंडी. रूळ नेईल तिकडेच तिला जावे लागे. बस, मोटार आणि सायकल यांना असे बंधन नाही. गिरगावातील चाळींच्या अरुंद गल्लीत असो की लालबाग-परळच्या हमरस्त्यावर असो, त्या हव्या तिकडे वळतात. त्यांचे हे स्वातंत्र्य एका साध्या वस्तूवर उभे आहे. त्या वस्तूला रंग नाही, आकार नाही आणि ती डोळ्यांना दिसतही नाही. ती वस्तू म्हणजे चाकातील हवा.

हवा चाकात भरावी ही कल्पना प्रथम सुचली ती रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याला. १८४५ साली त्याने तिचे एकाधिकारपत्रही मिळवले. त्याने हवेची चाके घोडागाड्यांना लावून दाखवली. परंतु त्या काळी रबर महाग होते आणि आजच्यासारखी सायकल तर जन्मासही आली नव्हती. त्यामुळे ही युक्ती विस्मृतीत गेली.

पुढे सुमारे चाळीस वर्षांनी आयर्लंडमधील बेलफास्ट शहरी जॉन बॉइड डनलॉप नावाचा पशुवैद्य राहत होता. त्याच्या लहान मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर खडखडत असे आणि मुलाला हादरे बसत. डनलॉपने एका लाकडी चकतीभोवती रबरी नळी बसवली, तीत हवा भरली आणि ती चकती अंगणात घरंगळत सोडली. मग सायकलीचे भरीव रबराचे चाक तसेच सोडून पाहिले. हवेचे चाक पुष्कळ दूर गेले. भरीव चाक मध्येच आडवे झाले. १८८८ साली डनलॉपने आपल्या शोधाची नोंद केली. पुढच्याच वर्षी विली ह्यूम या सायकलपटूने हवेचे टायर लावून बेलफास्टमधील शर्यती जिंकल्या, तेव्हा लोकांना या चाकाचे महत्त्व पटले.

मोटारीला हे चाक त्यानंतर मिळाले. १८९५ साली फ्रान्समध्ये पॅरिस ते बोर्दो आणि परत अशी मोटारींची शर्यत झाली. तीत मिशलँ बंधूंनी आपल्या मोटारीला हवेचे टायर लावले. वाटेत ते पुन्हा पुन्हा पंक्चर झाले. तथापि हवेवर मोटार धावू शकते, हे सर्वांनी पाहिले. आज वेगाने आणि मोलाने सायकलीपेक्षा मोटार कितीही मोठी असली, तरी चाकाच्या बाबतीत सायकल ही तिची थोरली बहीण होय.

मुंबईत या थोरल्या बहिणीची सेवा फार मोठी आहे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी या शहरात घरचे जेवण कामाच्या ठिकाणी पोहोचवण्याचा व्यवसाय सुरू केला. आजही मावळ, खेड, जुन्नर या भागांतून आलेले डबेवाले तो चालवतात. घरोघरचे डबे गोळा करावयाचे, ते उपनगरी गाडीच्या मालडब्यातून न्यावयाचे आणि स्थानकापासून पुन्हा सायकलीवर लादून कचेरीपर्यंत पोहोचवावयाचे, असा हा क्रम. सायकलीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे डबे लटकलेले असतात. अशा वेळी टायरमधील हवा गेली, तर केवळ एक सायकल थांबत नाही. कित्येकांच्या दुपारच्या जेवणाची वेळ टळते. म्हणूनच जाणता डबेवाला निघण्यापूर्वी टायर अंगठ्याने दाबून पाहतो.

एवढे ओझे हवा तोलते तरी कशी? त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. सायकल आणि तिच्यावर बसलेला मुलगा यांचे मिळून वजन ६३ किलो आहे असे समजू. टायरमध्ये ५० पौंड हवा भरली आहे, म्हणजे दर चौरस इंचावर ५० पौंड दाब आहे. हाच दाब दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे साडेतीन किलो होतो. ६३ ला साडेतीनाने भागले की १८ येतात. म्हणजे दोन्ही चाके मिळून जमिनीला अवघी १८ चौरस सेंटिमीटर जागा टेकते. एकेका चाकाच्या वाट्याला ९ चौरस सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या काडेपेटीएवढी जागा येते!

आता मोटारीचे पाहू. चार माणसांसह एका लहान मोटारीचे वजन १,२०० किलो धरले आणि टायरमध्ये ३२ पौंड हवा असली, तर दाब दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे सव्वादोन किलो होतो. याच रीतीने हिशेब केला, तर एकेका चाकाची सुमारे १३३ चौरस सेंटिमीटर जागा जमिनीला टेकते. ही जागा मोठ्या माणसाच्या पंजाहून फारशी मोठी नाही. हा हिशेब ढोबळ आहे, कारण टायरच्या रबरातही थोडी ताकद असते. परंतु त्यातून खरी गोष्ट कळते. सगळे कुटुंब घेऊन धावणारी मोटार रस्त्याला केवळ चार पंजांनी धरून असते. ते चार पंजे सुटले, तर चालकाचे सारे कौशल्य व्यर्थ ठरते.

आता असा प्रसंग येतो की धाकट्या बहिणीने थोरलीला उचलून न्यावे. परळच्या पूर्वेस असलेल्या शिवडीहून समुद्रावरून न्हावाशेव्याकडे जाणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. त्याची लांबी सुमारे २२ किलोमीटर आहे. त्यावर सायकलीला प्रवेश नाही. पनवेलजवळून निघणारा मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ साली पूर्ण झाला. त्यावरही सायकल नेता येत नाही. सायकलस्वार खंडाळ्याला जावयाचा तर त्याला जुन्या रस्त्याने बोरघाट चढावा लागतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हा घाट प्रथम चढून जाणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा मानाचा किताब मिळत आला आहे. परंतु प्रत्येकाला एवढी मजल मारणे शक्य नसते. म्हणून दादर-परळकडील हौशी कुटुंबे सायकली मोटारीत घालून पनवेल-लोणावळ्याकडे नेतात आणि मोकळ्या रस्त्याला लागल्यावर त्या उतरवतात.

मोटारीत सायकल ठेवण्याचीही एक रीत आहे. प्रथम मागील बैठक दुमडून जागा करावी. पान्ह्याने नट सैल करून सायकलीचे पुढचे चाक काढावे, म्हणजे ती पुष्कळ आटोपशीर होते. आसन खाली करावे आणि हँडल एका बाजूस वळवावे. खाली जुनी चादर किंवा गोणपाट अंथरावे. मग साखळीची बाजू वर येईल अशा बेताने सायकल आडवी ठेवावी. साखळी खाली आली, तर तिच्यातील तेल सर्वत्र लागते आणि तिचे दाते वाकण्याचीही भीती असते. दोन सायकली असल्यास मधे जाड कापड घालावे. चालकाला मागचे दिसण्याच्या आड काही येऊ देऊ नये.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे. सायकल आणि सुटे चाक ही दोन्ही पट्ट्याने किंवा दोरीने घट्ट बांधावीत. मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर आतील सायकलही त्याच वेगाने जात असते. ब्रेक लावताच मोटार थांबते. पण न बांधलेली सायकल त्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. पंधरा किलोंची ती वस्तू पुढे बसलेल्या माणसाच्या पाठीवर आदळली तर काय होईल, ते सांगावयास नको. गाठ बांधण्यास दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे वाचवू नयेत.

ओझे वाढले की मोटारीच्या टायरांकडे अधिक लक्ष द्यावे लागते. कोणत्या टायरमध्ये किती हवा हवी, याचा तक्ता बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. त्यात थोड्या ओझ्यासाठी एक आकडा आणि भरल्या गाडीसाठी दुसरा आकडा दिलेला असतो. माणसे, सामान आणि सायकली भरून निघावयाचे असेल, तर दुसरा आकडा पाहावा. हवा सकाळी, टायर थंड असतानाच मोजावी. दूर धावून आलेल्या मोटारीचे टायर तापलेले असतात आणि आतील दाबही वाढलेला असतो. तो पाहून हवा सोडली, तर टायर थंड झाल्यावर हवा कमी पडते.

हवा कमी असणे हे पंक्चरपेक्षाही घातक आहे, कारण पंक्चर लगेच लक्षात येते आणि हे येत नाही. मोटारीच्या चाकाचा परीघ सुमारे दोन मीटर असतो. ताशी ६० किलोमीटर वेगात ते मिनिटास पाचशे फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू एकदा दबते आणि एकदा सरळ होते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती तापते, तसेच टायरचे होते. हवा कमी असली तर तो अधिक दबतो, अधिक तापतो आणि अखेरीस भरधाव असताना फुटतो. उन्हाळ्यात, लांब पल्ल्याच्या सिमेंटच्या रस्त्यावर हा धोका वाढतो. याच कारणाने २०२३ साली समृद्धी महामार्गावर परिवहन विभागाने टायरांची तपासणी हाती घेतली आणि झिजलेल्या टायरांची वाहने परत पाठवली.

पावसाळ्यातील धोका निराळा असतो. दादर-परळ यांच्यामधील हिंदमाता परिसरात मोठ्या पावसात पाणी साचते, हे मुंबईकरांस परिचित आहे. टायरवरील खाचा शोभेसाठी नसतात. चाकाखालचे पाणी त्यांच्या वाटे बाहेर जाते आणि रबर रस्त्याला टेकते. खाचा झिजल्या की पाणी मधेच अडकते, चाक त्यावर तरंगते आणि ब्रेक लावूनही मोटार घसरत जाते. म्हणून मोटारीच्या टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये, असा आपल्याकडे नियम आहे. साचलेल्या पाण्याखालील खड्ड्यात चाक आपटले असेल, तर नंतर टायरची बाजू हाताने चाचपून पाहावी. तेथे फुगवटा आला असेल, तर तो टायर बदलावा. टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि नंतरचे दोन वर्ष. २३२४ याचा अर्थ २०२४ सालचा तेविसावा आठवडा. यावरून टायरचे वय कळते.

याच वेळी जादा चाकाचीही हवा पाहावी. या चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो. वेल्समधील लनेथ्ली या गावी स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तेथील दोघा भावांनी विसाव्या शतकाच्या आरंभी असे जादा चाक विकावयास काढले आणि त्या रस्त्याचे नाव दूर मुंबईत येऊन मराठी झाले. सायकली भरताना स्टेपनी त्यांच्याखाली गाडली जाणार नाही, ही दक्षता घ्यावी. रस्त्यात, रात्री आणि पावसात सर्व सामान उतरवून ती काढण्याची पाळी येऊ नये.

आणि एवढे करूनही पंक्चर झाले, तर? रस्त्याच्या कडेला एक पंप, एक पाण्याचे घमेले आणि रबराचे तुकडे एवढ्या साहित्यावर बसलेला पंक्चरवाला असतोच. तो ट्यूब फुगवून पाण्यात बुडवतो. जेथून बुडबुडे येतात तेथे छिद्र आहे, हे पाणी त्याला सांगते. तो ती जागा घासतो, सोल्युशन लावतो, ते किंचित वाळू देतो आणि मगच ठिगळ बसवतो. सोल्युशन वाळण्याआधी ठिगळ लावले तर ते धरत नाही, हे त्याला ठाऊक असते. त्याच्या कामात घाई नसते आणि हलगर्जीही नसते.

मोटारीचे इंजिन लोक कौतुकाने पाहतात, रंगाची वाखाणणी करतात. टायर चिखलातून फिरतो, सर्वांचे ओझे वाहतो आणि त्याची विचारपूस सहसा तो फुटल्यावर होते. ती प्रवासाला निघण्यापूर्वी करणे, हेच शहाणपण होय. घरातील सर्वजण सुखरूप परत येणे, हे पुष्कळदा त्या पाच मिनिटांवर अवलंबून असते.

स्वाध्याय

१. 'दादर टी. टी.' या नावाचा अर्थ सांगा.
२. सायकल ही मोटारीची थोरली बहीण, असे या पाठात का म्हटले आहे?
३. मोटारीत ठेवलेली सायकल बांधली नाही, तर कोणता अपघात संभवतो? कारण द्या.
४. टायरमधील हवा टायर थंड असतानाच का मोजावी?
५. तुम्ही आणि तुमची सायकल यांचे एकूण वजन काढा. टायरमध्ये ५० पौंड हवा आहे असे धरून एका चाकाची किती जागा जमिनीला टेकते, याचा हिशेब करा.
६. तुमच्या वस्तीतील पंक्चरवाल्याचे काम पाहून त्याचे दहा ओळींत वर्णन लिहा.