कंबरेतून ग्राफ्ट काढताना

चिनू बाळा, उद्या मानेच्या ऑपरेशनला कंबरेतून हाडाचा ग्राफ्ट तू काढणार आहेस म्हणे. ‘एवढंसं तर काम’ असं तुझ्या वयाची असताना मलाही वाटायचं. तेव्हा आत्याचं ऐकून घे.

१. ड्रेप पडण्याआधी बोटांनी हाड चाचप आणि पेनानं खुणा कर — हिरव्या कापडाखाली ओळखीची कंबरही परकी होते.

२. पुढच्या टोकापासून, म्हणजे एएसआयएसपासून, निदान ३ सेंटिमीटर मागे राहा — तिथं सार्टोरियस स्नायू धरून असतो, फार जवळ कापलं तर टोकच तुटून निघतं. माझ्या हातून एका आजींचं तुटलं होतं. खुर्चीतून उठताना त्या कळवळल्या, ते अजून आठवतं.

३. त्याच टोकापासून साधारण ५ सेंटिमीटर मागे उंचवटा लागेल, तो ट्युबरकल — पुढच्या भागातलं सगळ्यात भरलेलं हाड तिथलं.

४. काठाच्या जाडीवरून मधली जाडी ठरवू नकोस. कॉलेजातलं सुटं इलियम, म्हणजे हेच कंबरेचं हाड, उजेडासमोर धरून बघ, मधून प्रकाश आरपार येतो — भाकरी काठाला जाड म्हणून मध्येही जाड नसते.

५. सीटी असेल तर जाडी हाडाला काटकोनात मोज, नुसत्या आडव्या कापावर नको — हाड कललेलं असतं, आणि काकडी तिरकी चिरली की चकती मोठीच दिसते. काठावर मोज, मग १ आणि २ सेंटिमीटर खालीही. ग्राफ्टची उंची तुझ्या दोन कापांमधल्या अंतरावर ठरते, रुंदी मात्र हाडाच्या जाडीएवढीच मिळते. म्हणून जाडीचा आकडा आदल्या दिवशीच हातात हवा.

६. तिन्ही बाजूंना कडक हाड असलेला तुकडा हवा तर बारीक करवत घे — छिन्नीच्या ठोक्यांनी उरलेल्या हाडात तडे जातात.

७. मांडीच्या बाहेरच्या अंगाची नस बहुतेकांत टोकाच्या आतून उतरते, पण काहींत थेट क्रेस्टवरून, म्हणजे हाडाच्या काठावरून, जाते. पुढच्या बाजूला जपून हात चालव — दुखावली तर मांडी बधिर होते, आग होते.

८. परकराची नाडी किंवा पट्टा कुठे बसतो ते पेशंटला उभं करून आधीच विचार, आणि चीर तिथं घेऊ नकोस — व्रण रोज घासला जातो.

९. कंबर मानेपेक्षा जास्त दुखू शकते, हे त्यांना आजच संध्याकाळी सांग — माहीत असलेलं दुखणं माणूस धीरानं घेतो.

परवा सकाळी राउंडला गेलीस की आधी कंबरेचं विचार, मग मानेचं.