फिशटँकमधील रोपे : खोड रेतीत गाडू नका

तालुक्याच्या गावात फिशटँकचा धंदा एकट्या माशांवर चालत नाही. काच, सिलिकॉन, मोटर, दिवा, दगड आणि रोपे मिळून चार पैसे सुटतात. त्यातही जिवंत रोप विकणे जोखमीचे मानले जाते, कारण महिन्याभरात ते सडते आणि गिऱ्हाईक प्लास्टिकच्या रोपाकडे वळते. अनुबियास आणि जावा फर्न या दोन रोपांच्या बाबतीत हे नुकसान बहुधा लावण्याच्या चुकीने होते. म्हणून आज आम्ही एवढाच विषय घेत आहोत.

उमरखेड-महागावकडील वाचकांना हळद सांगायला नको. हळदीचा गड्डा म्हणजे मूळ नव्हे, जमिनीत आडवे वाढणारे खोड. पुस्तकात त्याला मूलक्षोड म्हणतात. अनुबियास (पश्चिम व मध्य आफ्रिकेचे रोप) आणि जावा फर्न यांनाही तसेच आडवे खोड असते. पण हळद मातीत गाडावी लागते, आणि यांचे खोड गाडले तर कुजते. निसर्गात ही रोपे ओढ्याकाठच्या दगडांना व लाकडांना धरून वाढतात. रेतीत फक्त मुळे गेली तर चालते. खोड पाण्यात उघडेच हवे. कुजलेले खोड बोटाला मऊ लागते व वास मारते. असा भाग धारदार ब्लेडने निरोगी गाभ्यापर्यंत कापून टाकावा.

रोप दगडाला बांधणे हे शिंप्याच्या हातचे काम आहे. साध्या सुती दोऱ्याचे दोन-तीन वेढे द्यावेत, खोड चेपेल इतके आवळू नये. काही आठवड्यांत मुळे दगडाला धरतात, तोवर सुती दोरा आपोआप कुजून जातो. नायलॉनची तार टिकते, पण ती पुढे कापून काढावी लागते. घाई असेल तर फेवीक्विकच्या जातीचा गोंद, शक्यतो जेल, थेंबभर मुळांना लावावा. पाणी लागताच तो घट्ट होतो.

दगड कोणता घ्यावा? आपल्याकडचा काळा दगड उत्तम. वणी भागात चुनखडी मिळते, ती मात्र पाणी जड करते. दगडावर लिंबू पिळून पाहावे. फेस आला तर तो बाजूला ठेवावा. लाकूड ओले नको. जुने, वाळलेले, अनेक दिवस पाण्यात भिजवून तळाला बसणारे घ्यावे.

जागेची निवड हाच खरा कसब. अनुबियास फार हळू वाढते, म्हणून त्याच्या पानावर तीव्र उजेडात शेवाळ चढते. दिव्याच्या थेट खाली न ठेवता मोठ्या दगडाच्या किंवा लाकडाच्या सावलीत, पुढे किंवा मध्ये बसवावे. खोडाचे वाढते टोक मोकळ्या बाजूला असावे. जावा फर्न उंच होते, त्याला मागची बाजू द्यावी. फिल्टरचे पाणी हळू फिरेल अशी जागा दोघांनाही मानवते, कारण ही रोपे अन्न मुख्यतः पाण्यातूनच घेतात. मुळाशी ठेवायच्या खताच्या गोळ्या यांच्यासाठी विकणे म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे वाया घालवणे.

जावा फर्नच्या पानाखाली काळे ठिपके दिसले की गिऱ्हाईक रोग समजून परत आणते. पुष्कळदा ते बीजाणूंचे पुंजके असतात. पानावर लहान रोपेही फुटतात, ती वेगळी करून विकता येतात. अनुबियासचे खोड तीन-चार पाने राहतील असे तुकडे करून वाढवावे. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटातून किंवा कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटवरून माल मागवणाऱ्याने दोन-चार मोठी रोपे टबात राखून ठेवावीत. वाढ मंद असली तरी वाटेत मरणाऱ्या मालाचे नुकसान वाचते.

गोल्डफिश मऊ रोपे फस्त करतो, या दोन्हींच्या चिवट पानांना बहुधा सोडतो. बोअरचे जड पाणीही यांना चालते. अडचण उन्हाळ्याची आहे. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. नुसते वरून पाणी भरत राहिले तर जडपणा वाढतच जातो. थोडे जुने पाणी काढूनच नवे भरावे. नळाचे पाणी क्लोरीन उडण्यासाठी रात्रभर उघडे ठेवावे. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा व चापडोह धरणे आटून यवतमाळ शहराचे पाण्यावाचून हाल झाले होते. अशा वर्षी टँकमधून काढलेले पाणी फेकू नये. ते परसातल्या झाडांना घालावे.