‘आभा’ फुकट, मग पैसे कशाचे?

चाकूरहून लातूरला मोठ्या डॉक्टरकडे निघालेल्या माणसाच्या काखेत एक प्लास्टिकची पिशवी असतेच. सोनोग्राफीचे रिपोर्ट, मधोमध मोडलेला एक्स-रे आणि तळाशी चुरगळलेली ईसीजीची पट्टी. ही पट्टी बहुधा थर्मल कागदावर निघते, काही काळाने तिच्यावरच्या रेघा उडतात आणि हातात कोरा कागद राहतो. म्हणून ती मिळेल त्याच दिवशी झेरॉक्स काढा. सगळ्यात स्वस्त उपाय हाच.

दुसरा उपाय ‘आभा’ या सरकारी आरोग्य-खात्याचा. 14 आकडी क्रमांक. देशभरातली सुरुवात 27 सप्टेंबर 2021 ची. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी आला की खाते निघते, सरकारी शुल्क शून्य. घोडे अडते ते नंबरापाशी. आधारला लावलेले सिम कधीच बंद पडलेले असते. तो नंबर बदलायला आधार केंद्रावर 75 रुपये पडतात (ऑक्टोबर 2025 पूर्वी 50 होते). पावती मागून घ्या. आणि पाच लाखांच्या उपचारांचे आयुष्मान कार्ड वेगळे, आभा वेगळे. आभावर उपचार फुकट होत नाहीत, फक्त कागद एका जागी दिसतात.

आता ब्लॉकचेन. ‘तुमचे रिपोर्ट ब्लॉकचेनवर टाकून देतो’ म्हणत कुणी वर्षाची वर्गणी मागितली, तर देऊ नका. ब्लॉकचेन म्हणजे नोंदींच्या साखळीची अशी खातेवही, जिची प्रत अनेकांकडे असते आणि मागची नोंद खोडली की लगेच उघडकीला येते. गडचिरोलीतल्या एटापल्लीत 2022 मध्ये जातीचे दाखले असे नोंदवले गेले. एस्टोनिया हा चिमुकला देश आरोग्यनोंदींच्या पहाऱ्याला असेच तंत्र वापरतो, पण रिपोर्ट साखळीत ठेवत नाही. ते शहाणपणाचे, कारण साखळीत गेलेले पुसता येत नाही. शिवाय लॅबने साखर चुकीची लिहिली, तर ब्लॉकचेन ती चूकच इमानाने जपणार!

आभाची रचना ब्लॉकचेनची नाही. कागद त्या-त्या दवाखान्याच्या संगणकातच राहतात. डॉक्टरला पाहायचे असतील तर तुमच्या आभा ॲपवर विचारणा येते: कोण, कशासाठी, कोणत्या काळातले. होकार द्या, नकार द्या, दिलेला होकार मागे घ्या. चावी तुमच्या हाती राहते ती अशी. मात्र दवाखाना किंवा लॅब या यंत्रणेला जोडलेली नसेल, तर खाते रिकामेच दिसेल. तपासणीचे पैसे भरण्याआधी काउंटरवर एवढे विचारा: ‘रिपोर्ट आभाला जोडता का?’ जुने कागद मोबाईलने स्कॅन करून ॲपमध्ये स्वतः चढवता येतात. खर्च तुमच्या एका दुपारचा.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. आभाची अडचण आली तर 14477 वर फोन करा.

दवाखान्यात भरती झाला असाल, तर कागदांची मागणी लेखी करा. मागितल्यापासून 72 तासांत ते देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. मात्र हे कागद जपण्याचे बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचे.