दोन भेटींच्या मधले दिवस आणि मोबाइलचे अ‍ॅप

प्रश्न : पतीच्या दारूच्या व्यसनावर बीदरला उपचार सुरू आहेत. समुपदेशकांची भेट महिन्यातून एकदाच होते. त्याऐवजी मोबाइलवरचे अ‍ॅप वापरले तर चालेल का?
– एक वाचक भगिनी, भालकी (जि. बीदर)

उत्तर : अ‍ॅप हा उपचाराला पर्याय नसून दोन भेटींच्या मधल्या काळातला आधार आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ‘ए-चेस’ अ‍ॅपची ३४९ रुग्णांवरील चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत अ‍ॅप मिळालेल्यांचे धोकादायक मद्यपानाचे दिवस कमी आढळले, परंतु ते सर्वजण निवासी उपचार घेऊन बाहेर पडलेले होते, हे विसरू नये. ओढ, म्हणजे पिण्याची अनावर इच्छा, केव्हा आणि कोणाच्या संगतीत उफाळली (उदाहरणार्थ, ‘बाजारचा दिवस, संध्याकाळी सहा, जुने सोबती’) याची नोंद पतीनेच करून ती समुपदेशकांना दाखवावी. त्यासाठी साधी वहीही पुरते. पतीच्या नकळत त्यांचा फोन तपासू नये, त्याने उपचाराला लागणारा विश्वासच तुटतो. मधल्या काळात अडचण आल्यास टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. मात्र रोज पिणाऱ्याने वैद्यकीय सल्ल्याविना दारू एकाएकी तोडल्यास हातांना कंप, भ्रम किंवा झटके येऊ शकतात. अशा वेळी अ‍ॅप उघडत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे.